डाव्या पायाचं काम

डॉक्टर हलकुडे नवी पेठेत दात काढतात.
त्यांची मस्टँग अडुसष्ट सालची,
स्टिअरिंग डावीकडं, रंग पिकल्या वांग्याचा,
आणि तक्रार एकच:
"गिअर ती टाकते, मी नुसता बसतो.
माझ्याच गाडीत मी पाहुणा आहे बे, अंबादास."

मी लेथवाला. अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
मागाचे रूळ, पिना, बुश, एवढंच माझं जग.
तरी म्हणालो, करू की.

इलाही नदाफ गाडीखाली शिरला,
जॅकवर भरवसा नाही म्हणून
चारी अंगाला रेल्वेचे जुने स्लीपर.
एप्रिलचं ऊन, पाना हातात धरवेना.
ऑटोमॅटिकचा डबा उतरला तेव्हा
लाल तेल निघालं, पातळ, गोडसर वासाचं,
परातीत मावेना.
इलाही म्हणाला, "इतकी वर्षं ही
तेलातच विचार करत होती."

मग खोक्याची वाट बघणं. दीड महिना.
खोकं आलं, लाकडाचं, पलीकडच्या समुद्राचं:
चार गिअरचा डबा, आत दाताला दात.
डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं,
सवयीनं बोलून गेले, "कीड नाही."

क्रँकच्या टोकाला एक भोक असतं.
ऑटोमॅटिकवाल्यांना त्याची गरज पडत नाही.
तिथं बुश बसतो, अंगठीएवढा,
त्यात नव्या शाफ्टचं नाक टेकतं.
खोक्यात सगळं होतं, तेवढाच नव्हता.
मी ब्राँझचा तुकडा चकमध्ये धरला.
दोन थाऊ जास्त गेले. फेकला.
दुसराही फेकला.
तिसऱ्याच्या वेळी रेडिओ बंद केला.
पिवळा कीस चपलेत शिरला, रात्री बायको म्हणाली,
"सोनाराकडं लागलात काय?"

ब्रेकचं रुंद पायताण कापून अर्धं केलं,
शेजारी क्लचला जागा दिली.
मधल्या पत्र्याला ग्राइंडरनं भोक पाडताना
डॉक्टर बाहेर जाऊन उभे राहिले,
रोज दुसऱ्यांच्या जबड्यात ड्रिल घालणारा माणूस.

सगळं बसलं. चावी फिरवली. गप्प.
ती 'पार्क' शोधत होती,
आणि पार्क तर आम्ही भंगाराच्या ढिगात टाकलेलं.
इलाहीनं दोन वायरी सोलून एकमेकींत पिळल्या.
तिची समजूत पटली.
शेडवरची कबुतरं जुळे सोलापूरपर्यंत गेली असतील.

पहाटे साडेपाच, होटगी रोड.
अकरा वर्षं डॉक्टरांचा डावा पाय बिनकामाचा,
मिलच्या गेटावरून परत पाठवलेल्या कामगारासारखा
कोपऱ्यात बसून राहिलेला.
आता एकदम पाळीवर बोलावलं.
गचका. बंद.
गचका. बंद.
आसरा चौकात दूधवाला थांबून बघत राहिला,
कॅनवर कोपर टेकून.
इलाही मागून म्हणाला, "आहिस्ता."
डॉक्टर स्वतःलाच, आईच्या भाषेत, "निधान, निधान."

मला खड्डामाग आठवला.
नायनांचे हात धोट्याला,
पण लोकांना कळायचं नाही, विणायचे पाय.
मी आठ वर्षांचा, पावडीवर धाडदिशी उभा राहायचो,
दोरे तुटायचे.
ते रागवायचे नाहीत.
माझ्या पायावर स्वतःचा पाय ठेवायचे,
टाच खरखरीत, उष्ण, आणि म्हणायचे,
मेल्लगा.

तेच मी म्हणालो. डॉक्टरांना तेलुगू येत नाही.
त्यांच्या पायाला आलं.

पहिला. दुसरा.
माझ्या बुशात शाफ्टचं नाक फिरत होतं,
कुणाला दिसणार नाही अशा जागी.
विमानतळाच्या भिंतीला लागून तिसरा टाकला
तेव्हा डॉक्टर काही बोलले नाहीत,
उजवा हात मात्र गिअरच्या गोळ्यावरून
उचलायला तयार नव्हते.

रिव्हर्सचा दिवा अजून जोडायचा राहिलाय.
मागं जायचं असलं की सध्या
कुणीतरी उतरून हात दाखवावा लागतो.